दोनदा आलेली नावे

डोंबिवली (पूर्व),
रविवार, ८ ऑगस्ट १९९३

प्रिय गोदाबाय,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फळीवर ठेवशील, याची मला कल्पना आहे. म्हणूनच ते आज टाकतो आहे. बुधवारपर्यंत ते माजिवड्याला पोहोचेल आणि समितीची सभा शनिवारी, चौदा तारखेला आहे. दोन दिवस ते फळीवर पडून राहिले, तरी तिसऱ्या दिवशी चष्मा लावून बसायला तुला अवधी उरतो. मी स्वतः दोनदा तुझ्या दारी येऊन गेलो. दोन्ही वेळा तुळसाने उंबऱ्यावरूनच सांगितले, "मामा, आई झोपलीय." पहिल्या वेळी सकाळचे अकरा वाजले होते आणि आतून विळीवर मासे साफ केल्याचा आवाज येत होता. मी परत फिरलो. तुळसाचा काही दोष नाही. तिला खोटे बोलता येत नाही, एवढेच माझ्या ध्यानात आले.

मार्च महिन्यात मी प्रकल्पाच्या समितीला जो अहवाल दिला, त्यात म्हटले होते की तुझ्या नऊ वर्षांच्या वह्यांत एकसष्ट मुले दोनदा लिहिलेली आहेत आणि लसीकरणाचा आकडा भरण्यासाठी ती हेतुपुरस्सर लिहिली गेली असावीत. त्या एका शब्दावर तुझी वही काढून घेतली गेली, मिठागरपाड्याला दुसरी सेविका गेली, आणि येत्या डिसेंबरात साठ पूर्ण करून मानाने निवृत्त व्हायची ती तू पाच महिने घरी बसली आहेस. तुझ्या नावापुढे 'बनावट नोंदी' असा शेरा कायमचा लिहायचा की नाही, हे शनिवारी ठरेल. इतके तुला ठाऊकच आहे. त्यानंतर मला जे ठाऊक झाले, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. क्रम सोडून मला काही सांगता येत नाही, तेव्हा थोडी सुरुवातीपासून सहन कर.

शहाडच्या कारखान्यात भांडाराची पत्रके लिहिण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आणि ती संपल्यावर खोपटला, बस डेपोच्या मागे, आपल्या 'खाडीकाठ बालआरोग्य प्रकल्पा'च्या कार्यालयात मला तूच आणलेस. प्रकल्पाच्या डॉक्टरांना तू काय सांगितले होतेस, ते त्यांनी मला नंतर तुझ्याच शब्दांत ऐकवले: "माजा भाव हाय, बीकॉम. त्याचा आकडा कवा चुकत नाय, त्याच्यापायी घरात कुनाला सुख नाय." एक्याण्णवच्या अखेरीस कोणा देणगीदाराने प्रकल्पाला संगणक दिला, तेव्हा तो शिकणार कोण, असा प्रश्न आला. कार्यालयातल्या सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. मी पन्नाशी ओलांडली होती. नकार देण्यासाठी माझ्याकडे कारण होते, पण ते तोंडातून निघेना, कारण आत कुठेतरी मला ते यंत्र पाहायचेच होते.

डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तो क्लास होता. चपला बाहेर काढायच्या. आत वातानुकूलन होते, पण ते यंत्रांसाठी, आमच्यासाठी नव्हे. शुक्रवारी वीज नसे, म्हणून क्लासही नसे. शिकवणाऱ्या मंजुळाबाई तिशीच्या, पूर्वी शाळेत गणित शिकवीत असत, आणि आवाज अजून शाळेतलाच होता. पहिले तीन आठवडे मी प्रत्येक कळ दाबण्याआधी त्यांच्याकडे पाहत असे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "काका, एन्टर दाबायला माझी सही लागत नाही." पुढे आज्ञावली लिहायला शिकवताना त्यांनी आम्हाला नव्या सुनेचा दाखला दिला. "ह्याला मनातलं कळत नाही. पातेलं घे, गॅस पेटव, पाणी ओत, असं एकेक सांगा. पातेलं घे म्हणायला विसरलात तर हा पाणी ओट्यावर ओतेल, आणि चूक तुमची." बाय, हे मला फार पटले. आयुष्यभर मी अशाच नेमकेपणाने बोलत आलो आणि आयुष्यभर लोक त्यावर वैतागत आले. त्याच नेमकेपणाची वाट पाहत बसलेले कोणीतरी मला पहिल्यांदा भेटले होते.

एक दिवस सरावासाठी मी एका गावची दोनशे बारा मुले यंत्रात भरली आणि जन्मतारखेप्रमाणे लावण्याचा हुकूम दिला. फ्लॉपीच्या तबकडीचा लाल दिवा लुकलुकला. मी घड्याळ पाहिले होते: चार सेकंद. पडद्यावर ती मुले वयाने ओळीत उभी होती, सर्वांत मोठे वर, कालचे तान्हे तळाला. कारखान्यात एवढीच कार्डे लावायला मला अख्खी दुपार जाई, आणि लावून झाल्यावर एक तरी कार्ड भलत्या जागी सापडे. मी नकळत खुर्चीतून उठून उभा राहिलो. मंजुळाबाईंनी विचारले, "काय झालं काका?" मी म्हणालो, "पाय अवघडले." देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकल्यावर माणूस जसा उगाच सरळ होतो, तसे ते होते. तुला सांगायला लाज नाही.

त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. सगळी नावे इंग्रजी अक्षरांत भरायची. तुझ्या नावात नको तिथे एक अक्षर जादा पडले आणि पहिल्या छापील यादीत 'आरोग्य सेविका: घोडा' असे आले. डॉक्टर दोन दिवस हसत होते. तू मात्र म्हणालीस, "चालतंय ना पन दिवसभर घोड्यासारखी, मंग लिवू दे." त्यानंतर मी नावे भरण्याचे सतरा पानी नियम केले आणि सहाही सेविकांच्या वह्यांमधून माहिती उतरवण्यासाठी बावीस रकान्यांचा तक्ता आखला. नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख, पाच लशींच्या तारखा आणि असेच इतर. तक्त्यात जे बसते ते घ्यायचे, बाकी सोडायचे. तुझ्या वह्यांत काही अनुक्रमांकांभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता. त्याला रकाना नव्हता. उतरवणाऱ्या मुलींनी विचारले, तेव्हा मी सांगितले की हाताला चाळा म्हणून काढले असतील, सोडून द्या. तुला विचारायला हवे होते. तू पलीकडच्या खोलीत लशींचे डबे मोजत होतीस. तेरा पावलांचे अंतर असेल.

अशा रीतीने अकरा हजार सहाशे चाळीस नोंदी भरून झाल्या आणि मी यंत्राला पहिले मोठे काम सांगितले. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव आणि गाव ही चारही जिथे एक असतील, तिथे दुसरी नोंद खोड. खोडणे म्हणजे तिथे कायमचे पुसणे नव्हे. नोंदीपुढे एक तारा उमटतो आणि ती मोजणीतून दिसेनाशी होते, इतकेच. कायमची घालवायची तर 'पॅक' असा निराळा हुकूम द्यावा लागतो. मंजुळाबाई सांगत, "पॅक करण्याआधी घरच्यांना विचारून या." मी पॅक केले नाही, ते कोणाला विचारायचे म्हणून नव्हे, तर समितीच्या मंजुरीआधी करणे नियमात बसत नव्हते म्हणून. यंत्राने सत्तर नोंदींवर तारे लावले. पाच सेविकांच्या मिळून नऊ आणि एकट्या तुझ्या एकसष्ट. दोन्ही नोंदींतल्या जन्मतारखांत बहुतेक ठिकाणी दीड-दोन वर्षांचे अंतर, बाकी सगळे तेच. मला दुसरा अर्थ सुचला नाही. त्यापेक्षा खरे सांगायचे तर, दुसरा अर्थ असेल का, असे मी विचारलेच नाही. अहवालात मी आपले नाते लिहिले नाही आणि त्याचा मला अभिमान वाटला. सख्ख्या बहिणीची गय केली नाही, असे लोक म्हणतील, असे मनात आले होते. तेही लिहून टाकतो.

समितीने विचारले तेव्हा तू एकच वाक्य बोललीस, "जे झालं ते लिवलं." मी तेव्हा ते उद्धटपणाचे समजलो. मेमध्ये तुळसा मला खोपटला स्टँडवर भेटली. मी तिला म्हणालो की तुझ्या आईने तोंड उघडून खुलासा केला असता तर बरे झाले असते. ती बसच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाली, "मी पण तेच बोलले मामा. आई बोलली, लिवलेलं ज्याला वाचता येत नाय, त्याला बोलून काय कळनार?" आणि बस सुटली.

समितीने निर्णयाआधी दहा घरी प्रत्यक्ष जाऊन खात्री करायला सांगितले होते. तो नियमच आहे, आणि मी स्वतःच ते काम मागून घेतले, कारण माझा आकडा आणखी पक्का व्हावा अशी माझी इच्छा होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मिठागराच्या बांधावरून चालत पाड्यावर पोहोचलो. हातात यंत्राने छापलेला तो सलग, कडेला भोके असलेला कागद होता. त्याची लांबी पाहून दोघीतिघी जमल्या. एक म्हणाली, "एवरी मोठी यादी? साकर येनार काय रेशनवर?" पहिले घर नाथा मढवीचे होते. त्याची बायको रखमाबाई दारात सुकट निवडत होती. मी विचारले, पंढरी नाथा मढवी याचा जन्म कधीचा? तिने मान वर केली आणि म्हणाली,

"कनचा पंढरी?"

तिला ऐकू आले नसावे, म्हणून मी पूर्ण नाव पुन्हा मोठ्याने वाचले. ती म्हणाली, "आयकला रं दादा. कनचा, पयला का दुसरा? पयला चार महिन्यांचा व्हता, ढाल लागले, जुलाब थांबनात, दोन दिसांत गेला. मंग दोन वर्सांनी परत आला. तोच आला, मंग नाव दुसरा कशाला ठेवू?" आणि आत तोंड करून तिने हाक मारली, "पंढऱ्या, साहेबांना तोंड दाकव." पाच वर्षांचा एक मुलगा बाहेर आला. त्याच्या तोंडात कैरीची फोड होती. मी कागदावर पाहिले. दोन नोंदींतली दुसरी, म्हणजे या मुलाची, माझ्या आज्ञावलीने खोडली होती. जो गेला, तो माझ्या यादीत जिवंत होता, आणि जो समोर उभा राहून कैरी खात होता, त्याच्या नावापुढे तारा होता.

उरलेली नऊ घरे मी त्या दिवशी पुरी केली. पाचव्या घरापासून मीच आधी विचारू लागलो, "पहिला की दुसरा?" बायकांना त्या प्रश्नाचे काहीच नवल वाटत नव्हते. हा प्रश्न तिथे सगळ्यांना पाठ होता. फक्त मला, त्याच पाड्यावर जन्मलेल्या आणि बाराव्या वर्षी कल्याणला शाळेसाठी गेलेल्या माणसाला, तो ठाऊक नव्हता. एकीने मला पाणी दिले आणि म्हणाली, "तुज्या बहिनीला ठावं हाय सगला. पोर गेला का ती येते, वईत गोल काडते, थोडी बसते. त्या दिवशी च्या पन घेत नाय." बाय, तू कोणाच्या घरचा चहा नाकारत नाहीस. उन्हातून आल्यावर तू तीन-तीन कप घेतेस.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून तुझ्या नऊ वह्या काढल्या आणि गोल पाहत बसलो. तू अठराव्या वर्षी विधवा होऊन परत आलीस, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि मिठागराच्या ओल्या मातीवर काडीने तुला अक्षरे व आकडे शिकवीत असे. तुझे शून्य कधी पुरे मिटत नसे आणि मी रागावत असे, "बंद कर, बाय, शून्य उघडे ठेवू नये." वह्यांतला एकेक गोल मी भिंगातून पाहिला. एकही उघडा नाही. पेन्सिल जिथून सुरू झाली, तिथेच नेऊन टेकवलेली आहे.

मग मी तेच केले जे पहिल्या दिवशी करायला हवे होते. तक्त्यात तेविसावा रकाना वाढवला. एका अक्षराचा. चार रविवार बसून तुझ्या सतराशे बारा नोंदी मी स्वतः पुन्हा तपासल्या आणि गोल असेल तिथे ते अक्षर भरले. नंतर तुझ्या केंद्राचा क्रमांक घालून 'रिकॉल' हा हुकूम दिला. हा खोडण्याच्या उलटा असतो. पडद्यावर एकच ओळ आली: एकसष्ट नोंदी परत बोलावल्या. इंग्रजीत होती, पण अर्थ हाच. एरवी यंत्राच्या अशा ओळी मी वाचून पुढे जातो. त्या दिवशी मी ती वहीत उतरून घेतली.

एकसष्ट जोड्यांपैकी अठ्ठावन्नांत पहिल्या मुलावर गोल आहे. दोन जोड्यांत बाप एकाच नावाचे पण दोन निराळे गृहस्थ आहेत. दोघेही कान्हा, दोघांचीही घरे एकाच वाडीत, आणि दोघांच्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून कोणीच कोणाला सांगितले नाही. राहिली एक नोंद. ती खरोखरच तुझ्याकडून दोनदा झाली आहे, शहाऐंशीच्या आषाढात, बहुधा तू तापाने पडून उठलीस त्या आठवड्यात. ती मी चूक म्हणूनच नोंदवली आहे. तू मला ओळखतेस.

यापुढचे मात्र मी शांतपणे लिहू शकेन की नाही, कळत नाही. गोल असलेल्या सर्व नोंदी, म्हणजे दुसरे मूल झाले असो वा नसो, चौऱ्याण्णव होत्या. त्यांतल्या पंचावन्न एकट्या मिठागरपाड्याच्या आणि त्याला लागून असलेल्या दोन वाड्यांच्या. गोलाच्या ओळीत तुझ्या भेटींच्या तारखा जिथे थांबतात, ती शेवटची तारीख धरून ते मी महिन्यांप्रमाणे लावले. पंचावन्नपैकी एक्केचाळीस एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत पडले, विहिरीचे पाणी मचूळ होते आणि बायका हमरस्त्याच्या खड्ड्यातले पाणी आणतात त्या दिवसांत. मग वर्षांप्रमाणे लावले. त्र्याऐंशीला अकरा, चौऱ्याऐंशीला बारा, मग दहा, नऊ, सहा, चार, दोन, एक. एक्याण्णवला शून्य. यंत्राला या सगळ्याला चाळीस सेकंदही लागले नाहीत. मला ते आकडे वाचायला अर्धा तास लागला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तू घरोघरी जाऊन मीठ-साखरेचे पाणी करायला शिकवू लागली होतीस. मला आठवते, तू हसून सांगितले होतेस, "मीठ तर आपल्या दारात पडलाय, साकर तेवरी बायांनी लपवून ठेवायची, पोरांपासून नाय, नवऱ्यांपासून." पाणी उकळून घ्यायला लावलेस, विहिरीत पावडर टाकायला पंचायतीच्या माणसाला हाताला धरून आणलेस. यातले काहीही प्रकल्पाच्या कोणत्या पत्रकात नाही. पत्रकात रकाना नव्हता. ते आहे फक्त गोल कमी होत गेले त्यात. आणि माझ्या मार्चच्या अहवालातली तुझी 'बनावट' नोंदही वर्षागणिक कमीच होत गेली होती. तेवढे जरी मी पाहिले असते, तरी मला विचारावेसे वाटले असते की अशी कोणती लबाडी आपणहून दरवर्षी थोडी थोडी विझत जाते.

इतर सेविकांच्या वह्या इतक्या स्वच्छ का, तेही मग कळले. ज्या मुलाला लस टोचली तेच लिहायचे, असा नियम होता आणि त्यांनी तो पाळला. लशीआधी गेलेले मूल त्यांच्या वहीत आलेच नाही. तू मात्र जन्मल्या दिवशीच लिहीत होतीस. म्हणून तुझ्या एकटीच्या वहीत गेलेली मुले आहेत. मोठेपणी चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या बहिणीने, पेन्सिलीने, कोणी न सांगता, नऊ वर्षे जे जपले, ते मोठमोठ्या आरोग्य पाहण्यांत शेकडो माणसे लावून शोधतात, असे डॉक्टर मला म्हणाले. मी ते यंत्र पाहून एकदा उभा राहिलो होतो. या वह्या पाहून मला बसूनच राहावेसे वाटले.

समितीला मी पाच पानी टिपण दिले आहे. 'हेतुपुरस्सर' हा शब्द मागे घेतला आहे आणि चुकीची जबाबदारी माझ्या नावाने लिहिली आहे. आपले नातेही या वेळी पहिल्या ओळीत लिहिले. सचिव मारुतीराव कुरकुरले, "भावानेच खोडले, आता भावानेच वाचवले, लोक काय म्हणतील?" शंका रास्त होती. म्हणून तबकडी आणि वह्या मी मंजुळाबाईंकडे नेल्या. त्यांनी माझी आज्ञावली न पाहता स्वतःची लिहिली आणि तेच आकडे काढून खाली सही केली. सही करून झाल्यावर त्यांनी मला विचारले, "काका, ह्या बाई आहेत कोण?" मी सांगितले. त्यांनी चहा मागवला, क्लासच्या आत, यंत्राशेजारी, जिथे पाण्याचा पेलासुद्धा आणू देत नाहीत. शेरा लिहिला जाणार नाही आणि वही तुला परत मिळेल, असे डॉक्टर म्हणतात. सभा होईपर्यंत मी ते खरे धरत नाही, तूही धरू नकोस. पण शनिवारी ये. तेविसावा रकाना सगळ्यांसाठी ठेवण्याचा ठराव आहे. त्याला नाव काय द्यायचे, हे तू सांगायचे आहेस.

एवढे सगळे मी शनिवारी समोरासमोरही सांगू शकलो असतो. पत्र लिहिले ते दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते इथवर येईपर्यंत मी टाळत आलो. जूनमध्ये दहावे घर संपवून निघालो तेव्हा आवडाबाई सुईण ओट्यावर बसली होती. ऐंशी उलटली असेल, डोळ्यांनी दिसत नाही, पण माझ्या आवाजावरून म्हणाली, "तू गोदीचा भाव ना, दामा?" मी हो म्हणालो आणि कशासाठी आलो होतो तेही सांगितले. ती हसली. "लोकांना कनचा, कनचा इचारत फिरतंस, बाला. तू तरी कनचा? दुसरा दामा तू. पयला सात महिन्यांचा गेला, तुज्या आदी दोन वर्सां. गोदीच्या काकेवर असायचा दिवसभर, ती सा वर्सांची, कुनाला देईना. त्याला कुनी गोल काडला नाय रं. तवा लिवनारा कोन व्हता?" मी बांधावरून परत आलो, खोपटला बस पकडली आणि घरी आलो. नाव तेच, बाप तोच, आडनाव तेच, गाव तेच. माझ्या चारही अटी पुऱ्या होतात आणि जोडीतला दुसरा मी आहे. तारा पडला असता तो माझ्यावर. आईने कधी सांगितले नाही. तू बावन्न वर्षे मला त्याच नावाने हाक मारत आलीस, आणि मार्चमध्ये मी तुझ्यावर तो अहवाल लिहिला तेव्हाही तू हे म्हणाली नाहीस. का म्हणाली नाहीस, ते मी विचारत नाही. मी यंत्रात एक नवी फाईल उघडली आहे. प्रकल्पाची नव्हे, तबकडी माझी स्वतःची आहे. तिच्यात दोनच नोंदी आहेत. दुसरी पूर्ण आहे. पहिलीत नाव भरले, बापाचे नाव भरले, गाव भरले, आणि जन्मतारखेपाशी थांबलो आहे. तो रकाना कोरा ठेवला तर यंत्र हरकत घेत नाही, माझ्याच्याने तो कोरा ठेवला जात नाही. ती तारीख माहीत असलेले माणूस आता जगात तू एकटी उरली आहेस. तारीख आठवत नसेल तर तिथी सांग, सण सांग, मिठाच्या पहिल्या राशी लागल्या होत्या की मोडल्या होत्या ते सांग. नुसती भरती होती की ओहोटी, एवढे आठवले तरी कळव. बाकीचे मी काढीन.

तुझाच,
दुसरा दामा